कडक पेनकिलर घरात आली की काय करायचं

पहिलं काम म्हणजे पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, ते आज एक उद्या दुसरं, फार्मसीवाला जे असेल ते देतो. मागे ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल, कोडीन, मॉर्फिन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन यातलं काही लिहिलेलं दिसलं की समजायचं, ही अफूच्या घराण्यातली गोळी आहे. ट्रॅमाडोल कारखान्यात बनते, अफूच्या बोंडाशी तिचा संबंध नाही, पण मेंदूत जाऊन दार तेच ठोठावते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल हे वेगळं घराणं, ते पोट, किडनी, लिव्हरला त्रास देतील पण अशी सवय लावत नाहीत. पाकिटाच्या कोपऱ्यात लाल रंगात आरएक्स किंवा एनआरएक्स असं पण असतं, ते लाल दिसलं की जरा थांबायचं.

मी डॉक्टर नाही हं. गोव्यातल्या डिचोलीचा, वेर्ण्याला कंपनीत कामाला. या गोळ्यांशी दोनदा गाठ पडली, एकदा माझ्या पायासाठी, एकदा मावशीच्या कॅन्सरसाठी, आणि दोन्ही वेळा घरात आम्ही बरोबर उलटं वागलो. जिथे भ्यायला हवं होतं तिथे कोणी भ्यालं नाही आणि जिथे भ्यायचं काही कारण नव्हतं तिथे सगळं घर हादरलेलं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

माझं असं झालं, जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर लाल चिखल, वळणावर स्कूटर घसरली आणि नडगीचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला, घरी सोडताना कार्डावर सात औषधं, त्यातली एक ट्रॅमाडोल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. तिच्यासमोर लिहिलेलं एसओएस. एसओएस म्हणजे लागली तरच घ्या. पण आमच्याकडे औषध म्हटलं की सकाळ दुपार संध्याकाळ जेवणानंतर, वहिनी ताटाबरोबर गोळी आणून ठेवायची आणि मी गिळायचो. किती दिवस हे कार्डावर नव्हतं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तर डॉक्टरसमोर बसलात की एवढं विचारा. किती दिवस घ्यायची? दिवसाला जास्तीत जास्त किती? आणि बंद करताना एकदम करायची की हळूहळू? एकट्याने गेलात तर विसराल, कोणालातरी बरोबर न्या आणि त्याला विचारायला सांगा. अंदाज हवा तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ साली असं लिहिलं होतं की अचानक उद्भवलेल्या दुखण्याला तीन दिवस बहुतेक वेळा पुरतात, सातपेक्षा जास्त क्वचितच लागतात. मोठं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी, ते तुमचा डॉक्टर ठरवेल, पण तीन आणि सात हे आकडे डोक्यात असले की दहा आठवडे गिळत बसणार नाही. मी बसलो.

अमेरिकेचं नाव घ्यायला कारण आहे, ते लोक यात पोळून निघालेत. १९९६ साली तिथे ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी आली, सवय लागायची भीती फारशी नाही असं सांगून डॉक्टरांच्या गळी उतरवली, २००७ साली कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला, पण तोवर गावंच्या गावं त्यात गेली होती. सुरुवात कंबरदुखी आणि दाढदुखीच्या चिठ्ठीपासूनच झालेली, कुठल्या अंधाऱ्या गल्लीतून नाही.

डॉक्टरला काय सांगायचं हे पण महत्त्वाचं, आणि इथे लाजायचं नाही. झोपेची किंवा टेन्शनची गोळी चालू आहे का, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे. तसली गोळी आणि ही पेनकिलर एकत्र घेतली की श्वास मंदावतो, झोपेतच माणूस जाऊ शकतो. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन चालू असेल तरी सांगा. डिप्रेशनची गोळी असेल तर जरूर सांगा, काही गोळ्यांचं ट्रॅमाडोलशी जमत नाही, ताप, थरथर, बेचैनी असं सगळं एकदम उसळतं. पूर्वी कधी फिट आली असेल तर ट्रॅमाडोल नको. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साचत जातं. रात्री घोरताना श्वास अडकतो असं बायको सांगत असेल तर ते पण डॉक्टरच्या कानावर घाला. आणि पूर्वी दारूची किंवा कसलीही सवय असेल तर तेही, कारण तशा माणसाला या गोळीची ओढ लवकर लागते.

दारूचं वेगळं सांगतो कारण आपण गोव्यात आहोत. मार्च ते मे हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा सीझन, लिमका टाकून दोन ग्लास म्हणजे इथे कोणी दारू मोजतच नाही, आणि फेणी तर सर्दीवर औषध म्हणून घेतात. गोळी चालू असेपर्यंत थेंब नाही. बीअर पण नाही. सकाळी गोळी आणि रात्री दारू, मध्ये गॅप ठेवला, असला हिशोब चालत नाही, कारण काही गोळ्या बारा तास हळूहळू सुटणाऱ्या असतात, पाकिटावर एसआर किंवा ईआर लिहिलेलं असतं. तसली गोळी तोडायची, चावायची, कुटायची पण नाही, नाहीतर बारा तासांचा माल एकदम अंगात उतरतो. गाडीचं पण तेच, गोळी नवीन असताना किंवा डोस वाढवलेला असताना स्कूटर चालवायची नाही, झोप येतेय हे आपल्याला स्वतःला कळत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

आता हिशोब. घरातल्या एकाच माणसाने ठेवायचा, ज्याला दुखतंय त्याने नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दूध आणि गॅस सिलिंडर लिहितो तिथेच तारखेच्या चौकोनात गोळीची वेळ लिहायची, आणि बाजूला दुखणं दहापैकी किती. एवढंच. आठ दिवसांनी त्या चौकोनांकडे बघितलं की सगळं दिसतं, दुखणं सातवरून तीनवर आलंय आणि गोळ्या मात्र तेवढ्याच, म्हणजे आता गोळी दुखण्यासाठी नाही, सवयीने चाललीय. माझं कॅलेंडर कोणी लिहिलं असतं तर तिसऱ्या आठवड्यातच पकडला गेलो असतो.

हिशोबात एक आकडा अजून. एकत्र गोळीत बहुतेक ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडोल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ट्रॅमाडोलची दिवसाची हद्द ४०० मिलिग्रॅम, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ३००. हद्द म्हणजे तिथपर्यंत जायचं असं नव्हे, डॉक्टरने लिहिलंय त्यापुढे जायचं नाही. पॅरासिटामॉलची हद्द चार ग्रॅम, म्हातारी माणसं आणि नेहमी पिणारे यांना त्याहून कमी. वर अंगात कणकण म्हणून सर्दीची गोळी घेतली तर त्यात पण पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका.

फार्मसीत चिठ्ठीशिवाय मागू नका आणि ओळखीचा देत असेल तर घेऊ पण नका. ट्रॅमाडोल, कोडीन, अल्प्राझोलाम या २०१४ पासून एच-वन यादीत आहेत, त्यात दुकानदाराला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. ट्रॅमाडोल तर एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आलीय, म्हणजे नार्कोटिक्सचा जो कायदा किनाऱ्यावरच्या रेडच्या बातम्यांत वाचतो तोच. मला एका फार्मसीवाल्याने जुन्याच चिठ्ठीवर तीनदा स्ट्रिप दिली, गाववाला म्हणून, पायाला प्लास्टर दिसतंय म्हणून. प्रेमाने दिली, पण तेव्हा नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

कारण मग चतुर्थी आली. आदल्या दिवशी सगळे माटोळी, म्हणजे गणपतीवरचा फळाफुलांचा मांडव, बांधायला जमलेले, मी प्लास्टर सुटलेल्या पायाने स्टुलावर बसून खालून कवंडळं, कात्रे, सुपारीचे घोस देत होतो. गोळ्या आदल्या रात्री संपलेल्या, फार्मसी बंद, म्हटलं दोन दिवस नाही घेतल्या तर काय होतं, पाय तर आता दुखत पण नाही. दुपारपासून जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, तोंड मिटेना. मग नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, तो पण दमट उकाड्यात. काका म्हणाला पावसात भिजलास. रात्री पोट बिघडलं, पाय स्वस्थ ठेवता येईनात, चादरीत सारखे झटकत होतो, अंगातून मध्येच करंट गेल्यासारखं व्हायचं. पहाटे काकाच्या कंबरदुखीच्या डब्यात तीच गोळी दिसली, उचलली, आणि पाऊण तासात जांभया बंद, नाक कोरडं, पोट शांत. फ्लू पाऊण तासात जात नाही. आरतीला उभा होतो तेव्हा मला नक्की कळलं होतं की हे काय आहे, आणि कोणाला सांगायची हिंमत नव्हती.

इथे एक फरक समजून घ्या, मला तो नंतर समजला आणि अर्धं ओझं उतरलं. शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. काही आठवडे रोज घेतली तर कोणाच्याही शरीराला सवय लागते, देवमाणूस असला तरी, तोडली की जांभया, जुलाब, अंगदुखी येणारच. हा त्रास साधारण शेवटच्या गोळीनंतर आठ ते चोवीस तासांत सुरू होतो आणि चार ते दहा दिवस राहतो, जीव नकोसा होतो पण धडधाकट माणसाचा जीव सहसा जात नाही. व्यसन म्हणजे दुखत नसताना घेणं, लपवून घेणं, दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या, स्ट्रिप संपायच्या आधीच पुढच्या स्ट्रिपची काळजी, दुसऱ्याच्या डब्यात हात घालणं. शेवटचं मी केलं होतं, त्यामुळे मी कुठे उभा होतो ते तुम्हीच ठरवा. अजून एक फसवी गोष्ट म्हणजे फार दिवस घेतल्यावर गोळीनेच दुखणं वाढल्यासारखं होतं, माणूस डोस वाढवतो आणि अजून दुखतं.

सोडायची कशी? एकदम नाही. घरात भांडून, स्ट्रिप संडासात टाकून तर अजिबात नाही. चार-पाच दिवसच घेतली असेल तर बहुतेक वेळा तशीच बंद होते, पण आठवडे झाले असतील तर डॉक्टरकडे जाऊन खरं सांगा. मी दिवसाला चार घेत होतो, आमच्या हेल्थ सेंटरच्या डॉक्टरने न ओरडता कागदावर पायऱ्या काढून दिल्या, दर पाच दिवसांनी अर्धी गोळी कमी, आधी दुपारची, रात्रीची शेवटी. जास्त काळ घेणाऱ्यांना याहून खूप हळू उतरवतात, महिन्याला दहा टक्के इतकं हळू, त्यामुळे माझा कागद तुमच्या उपयोगाचा नाही, तुमचा तुम्ही काढून घ्या. मधल्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच चार दिवस थांबायचं, मागे जायचं नाही. पेज, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, रात्री पायाला गरम शेक, दुखण्याला साधी पॅरासिटामॉल, आणि फिजिओ. फिजिओ मी आधी टाळत होतो कारण गोळीने भागत होतं, खरं तर पाय त्यानेच बरा झाला.

आणि हे लक्षात ठेवा, एकदा सुटली आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत दुखलं म्हणून जुना मोठा डोस घेतला तर तो आता शरीराला झेपत नाही. सोडून परत जुन्याच डोसवर गेलेली माणसं दगावतात ती यामुळे.

हाताबाहेर गेलं असेल तर बांबोळीला मनोरुग्णालय आहे ना, आयपीएचबी, तिथे व्यसनमुक्तीचे उपचार होतात. लोक त्या गेटातून जायला लाजतात, कोणी बघेल म्हणून, तर आधी फोन करा, १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. डॉक्टर गरज बघून ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवतात, ती पण त्याच घराण्यातली पण संथ, ओढ थांबवते आणि माणूस कामाला जाऊ शकतो, एक व्यसन सोडून दुसरं लावलं असं म्हणून घरच्यांनी ती बंद करू नये. पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस कायद्यात ६४-अ कलमच आहे, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देणारं.

आता मावशी. साखळी गावची, पोटाचा कॅन्सर, शेवटचे सात महिने. तिला मॉर्फिन लिहून दिलं आणि घरात सन्नाटा. मावसभाऊ म्हणाला मॉर्फिन म्हणजे संपलंच. सून म्हणाली, नशेची गोळी सासूला कशी देऊ, सवय लागेल. माझे तर हात पोळलेले, मी पण मान डोलावली, हे सांगायला आज लाज वाटते. चार दिवस गोळी कपाटात आणि मावशी उशी दातात धरून.

मग पेन क्लिनिकच्या नर्सने समोर बसवून सांगितलं की कॅन्सरच्या दुखण्यात ही गोळी म्हणजे शेवट नाही, वेळेवर घेतली तर माणूस बसतो, जेवतो, बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच हे सांगितलं होतं, तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. साधी मॉर्फिन दर चार तासांनी, दुखो न दुखो, कारण दुखणं चढल्यावर उतरवायला जास्त लागते. एसओएस आणि घड्याळ यातला फरक हाच, माझी गोळी घड्याळाने घेतली ती चूक, मावशीची एसओएस ठेवली ती चूक.

आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, जगाला माल जातो, आणि इथल्याच पेशंटला मॉर्फिन मिळवायला फिरावं लागायचं, कारण १९८५ च्या कायद्याने इतके परवाने लागत की हॉस्पिटलं नादच सोडत. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं मागे लागून २०१४ मध्ये कायदा बदलून घेतला, आता मान्यताप्राप्त संस्थेला ठेवता येतं. साध्या फार्मसीत शोधत फिरू नका, जिथे कॅन्सरचे उपचार चालू आहेत तिथेच विचारा.

मावशीला पहिले दोन-तीन दिवस झोप आणि मळमळ, मग गेली. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, गोळी चालू आहे तोवर ते राहणार, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाची गोळी डॉक्टरकडून लिहून घ्या. नुसत्या इसबगोलावर राहू नका, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला ते उलट आत घट्ट बसतं. पुढे गिळता येईना तेव्हा पॅच लावला, फेंटानिलचा, तो ७२ तास चालतो, ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवस. पॅच कापायचा नाही, त्यावर गरम पाण्याची पिशवी नाही, उन्हात बसायचं नाही, ताप आला तर डॉक्टरला फोन, कारण उष्णतेने औषध भराभर आत जातं. मे महिन्यात आम्ही तिची खाट मागच्या पडवीत हलवली ती याचसाठी. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, आणि काढलेला चिकट बाजू आत दुमडून टाकायचा, त्यात औषध उरलेलं असतं आणि पोराटोरांच्या हाती लागलं तर जीवावर बेततं.

धोक्याची खूण सगळ्या घराला माहीत पाहिजे. हलवून, हाक मारून जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली, घशात घरघर, ओठ निळसर, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. घोरतोय, झोपू दे म्हणून सोडायचं नाही. लगेच १०८, कुशीवर वळवा, काय आणि किती घेतलं ती स्ट्रिप बरोबर द्या. त्यावर उतारा आहे, नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन, मिनिटांत काम करतं, पण ते टोचेपर्यंत माणूस पोचायला हवा. शिव्या नंतर द्या.

ठेवायचं कुलपात. टीव्हीवरच्या डब्यात नाही, फ्रिजवर नाही, देवघराच्या खणात पण नाही, आणि शेजारच्या आजीचा गुडघा दुखतो म्हणून एक गोळी उचलून दिली असं कधीच नाही. माझ्या उरलेल्या गोळ्या मी स्ट्रिपमधून काढून ओल्या मातीत कालवून पिशवीत बांधून टाकल्या. मावशी गेल्यावर बाराव्यानंतर मावसभावाने डबा उघडला तर मॉर्फिनच्या तेवीस गोळ्या आणि दोन न उघडलेले पॅच. तो म्हणाला राहू दे, कधी कोणाला लागतील. सुनेने कॅलेंडर काढलं, शेवटच्या चौकोनापर्यंत मोजलं, तेवीसच भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गोळ्या जिथून आणल्या होत्या त्याच खिडकीवर परत देऊन, रजिस्टरवर सही करून आलो.